डाव्या डोळ्यावर डाग असलेलं कासव

बेटांकडे जाणाऱ्या बोटीसाठी धक्क्यावर रांग लागली होती. खिडकीतल्या तिकीटवाल्या बाईंचे हात तिकिटं फाडत होते, कान मात्र समोरच्या जोडप्याकडे होते. पाण्याखाली बघायचे चष्मे भाड्याने देणारे काका आज पहिल्यांदाच रांगेत होते. बायकोने ओढून आणले होते.

“अगं, समुद्र खवळलाय.”

“आरशासारखा आहे.”

“दुकान कोण बघेल?”

“कुलूप बघेल. गिऱ्हाइकांना जन्मभर सांगताय, प्रवाळापाशी म्हातारं कासव आहे, पाठीवर हात फिरवू देतं. मलाही फिरवायचाय.”

“हळू बोल! तसलं कासवबिसव काही नाही.”

“काय?”

“मला बोट लागते. मी तिथे कधी गेलोच नाही. चष्मे भाड्याने जावेत म्हणून एकदा थाप मारली, ती चिकटली.”

“आणि डाव्या डोळ्यावरचा पांढरा डाग?”

“तोही माझाच.”

“त्याचा पाय माशाने तोडला असं सांगितलंत, त्या रात्री मी जेवले नव्हते हो!”

“तेव्हा सांगायचा धीर झाला नाही.”

तेवढ्यात परतलेल्या बोटीतून एक ओलाचिंब पर्यटक धावत आला.

“काका, हा तुमचा चष्मा! दिसलं कासव! पाठीवर हात फिरवला!”

“डोळ्यावर डाग होता?” बायकोने विचारलं.

“होता की! डाव्या! आणि बिचाऱ्याला एक पाय नाही हो.”

काका खिडकीत वाकले.

“बाई, दोन द्या.”

“काका, तुम्हाला बोट लागते ना?”

“लागू दे. हा थापा मारतोय, की मीच खरं बोललो होतो, हे बघायला नको?”