भुजंगाला गोदीत घेतलं

जालना स्टेशनावर तिकिटाची खिडकी उघडायची होती. जुन्या जालन्यातले कापडवाले वामनराव रांगेत उभे होते आणि पुढच्या दोन बायांचं बोलणं आपसूक कानावर पडत होतं. मंठ्याकडच्या गोजरबाई पदरानं डोळे पुसत होत्या, जालन्यातल्याच शैलाबाई त्यांना विचारत होत्या.

“मावशी, रडता कशाला? झालं तरी काय?”

“माझा भुजंग मुंबईला गेल्ता कामाला. काल आमचा धर्मराज तिकडून आला अन् म्हनला, भुजंगाला गोदीत घेतलं.”

“मंग चांगलंच झालं की!”

“चांगलं? येकुलता येक लेक हाय माझा! जित्या मायला न इचारता कुनी गोद घेतलं त्याला? चालले मी. हात धरून घरी आनते.”

“अहो, दत्तक न्हाई घेतलं! गोदी म्हणजे बोटी बांधायची अन् दुरुस्त करायची जागा. माझा भाऊ तिथंच आहे.”

“बोटी? पान्यातल्या?”

“त्याच. नादुरुस्त बोट गोदीत घेतात, भवतालचं पाणी काढून टाकतात अन् माणसं खाली उतरून तिचा पत्रा ठोकतात. भुजंगाला तिथं कामावर घेतलं, एवढंच.”

“म्हंजे त्याची माय मीच?”

“बिलकुल तुम्हीच!”

“आगं बया! त्या दुसरीला रस्ताभर शिव्या घातल्या की मी.”

वामनरावांनी हसू दाबलं. तेवढ्यात खिडकी उघडली.

“बोला बाई, कुठलं तिकीट?”

गोजरबाईंनी पदराच्या गाठीतले पैसे काढले.

“मुंबईचंच द्या, दादा. भांडायला निघाल्ते, आता निस्तं भेटून येते.”