खळ्यावरची शाळा

बेलापूरच्या कार्यालयात मालमत्ता कराची रांग ओहोटीच्या पाण्यासारखी संथ सरकत होती. माझ्यापुढे खाडीकाठच्या एका गावातले दोन वृद्ध वर्गमित्र उभे होते.

"धर्मा, जूनपासून आपल्या शाळेत पहिलीचा मराठी वर्ग बंद. नुसता इंग्रजीचा राहणार."

"ऐकलंय, अहमद. माझ्या बापानं खळं दिलं, तवा ती शाळा उभी राहिली."

"भात झोडायच्या दिवसांत गुरुजी वर्ग पिंपळाखाली न्यायचे. तू पेंढ्यात झोपायचास."

"नि माझी गनितं तू करायचास."

"म्हणून पास झालास. आज संध्याकाळी पालकांची सभा आहे. गाव तुझं ऐकतं. वर्ग ठेवा म्हणून बोलशील ना?"

"येवढा कर घेतात, नि एक वर्ग चालवाय जमत नाय यांना."

"हेच सभेत बोल."

"माझ्या दिपेशच्या पोरीला त्याच इंग्रजी वर्गात जागा मिळालीय. पणजोबाच्या खळ्यावर शिकंल ती."

"म्हणजे येणार नाहीस."

"येईन. मागं बसंन."

"मग मीच बोलतो. खळं तुझ्या बापानं दिलं, हे सांगू?"

"सांग. सांगताना माझ्याकडं बघू नको."