गुणाबाईंच्या पानावरचे भजे

या हो, थोडे सरकून जवळ बसा. चामोर्शीच्या बसस्टँडवर ऐकलेलं बापलेकीचं बोलणं सांगतो, आख्यानाइतकंच गोड आहे. ब्याण्णव वर्षांच्या गुणाबाईंची दुसऱ्या दिवशी तेरवी होती आणि मुलगा व नात बाजार करून गावी निघाले होते.

"बाबा, आजीच्या निवदाच्या पानावर काय काय ठेवाचं?"

"वरण, भात, पुरी, वडे, खीर. मायच्या आवडीचं सारं."

"एक राह्यलं. कांद्याचे भजे."

"काई बी बोलते का, मंजुषा! माळकरी होती माय. चाळीस वर्षं कांद्याले शिवली नाई."

"दर बाजाराले खाये माह्यासंगं. माळ पदराआड करे अन् म्हणे, 'पांडुरंगाले ठाऊक हाये, फक्त तुह्या बापाले सांगू नोको.'"

"अन् तू सांगून राह्यली!"

"उद्या ती भज्यांबिगर पानावरून तशीच उठली तं?"

"...गरम खाये का थंडे?"

"गरम. संग तळलेली मिरची."

"ठेवजो मंग दोन. पण पुरीखाली झाकजो. कीर्तनाचे बुवा राह्यतीन तिथं."

मंडळी, पुढच्या बाजारी भजे खाल, तेव्हा पहिला घास घेताना गुणाबाईंची आठवण काढा.