साखळी तुटू दे, पण बेतानं

भिंतीला कान लावते म्हणून हसा मला, पण त्या दिवशी जे कानावर आलं, ते ऐकून तुम्हीही घाबरला असता. आमच्या कुंभवलीत शेजारी राहणारी मेघना कारखान्याच्या लॅबमध्ये आहे. ती फोनवर ओरडत होती, "साखळी फार लांब झालीय! ग्लिसरीन पाजा, आजच तोडा!"

मी गळ्यातली सोन्याची साखळी तांदळाच्या डब्यात खुपसली आणि तिचं दार ठोकलं. "कोणाची साखळी गं?"

"मावशी, जंतूंच्या पोटात बनतं त्या प्लास्टिकच्या कणांची! जंतूंना ग्लिसरीन पाजलं की ती आखूड होते. लांब राहिली तर मशीनमधून सरत नाय, जास्त तुटली तर पिशवी फाटते. बिघडलं तर माझी नोकरी गेली." ती पुन्हा फोनकडे धावली.

घरी येऊन मी देवासमोर हात जोडले. "देवा, साखळी तुटू दे, पण बेतानं!"

मागून ह्यांचा आवाज थरथरला, "अगं, गळ्यातली कुठे गेली?"