मागच्या बुशबाबत

कुईंऽऽ... मग खर्रर्र... आणि मग विहिरीतून वर यावा तसा एका बाईचा स्वच्छ आवाज. हा आवाज साखरशेतच्या शाळेत प्रथम घुमला तेव्हा, असे मी सांगू लागलो असता हवालदार म्हणाले, "गुरुजी, आधी नाव." म्हणून नाव सांगतो.

मी, तुळशीदास लहानू भोये, वय ६८ वर्षे, धंदा सेवानिवृत्त प्राथमिक शिक्षक, मूळ राहणार साखरशेत, हल्ली राहणार जव्हार, जिल्हा ठाणे. सन २००३, पौषातला शनिवार. पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून विचारल्यावरून जबाब देतो तो असा की,

वरील पत्त्यावर मी पत्नी कमू हिच्यासह राहतो. मुलगा उमेश ठाण्याला कारखान्यात नोकरीस असून त्याला मोटारी पळवण्याचा नाद आहे. नाद हा शब्द माझा. तो रॅली म्हणतो. एक जुनी मोटार घेऊन त्याने तिचे इंजिन असे काही करून घेतले आहे की ती सुरू झाली की शेजारची गाय पान्हा चोरते. उद्या रविवारी नाशिककडच्या घाटात तिची शर्यत आहे.

मोटारीत दोष असा होता की वळणावर तिची मागची बाजू उशिरा वळे. मी मागे बसून एकदा मोखाड्यापर्यंत गेलो आहे. पुढचा भाग भुजंगप्रयातात चालतो आणि मागचा मुक्तछंदात, असे मी उमेशला तेव्हाच म्हटले होते. हे लिहिण्याची गरज नाही असे हवालदारांचे म्हणणे पडले. दोषाचे याहून नेमके वर्णन होणार नाही असे माझे म्हणणे पडले. सबब लिहिले आहे.

दुरुस्तीचे काम गावातले गॅरेजवाले कांतीलाल यांना दिले असून मोटार माझ्या अंगणात मागून उचलून ठोकळ्यांवर ठेवलेली आहे.

माझ्या घरी मागच्या खोलीत, फळीवर, बुश कंपनीचा रेडिओ असतो. घरात त्याला रेडिओ कोणी म्हणत नाही, बुशच म्हणतात. पत्नी सवत म्हणते. साखरशेतला असताना मी तो खांद्यावरून शाळेत नेत असे. घरात वेगळी बोली बोलणारी पोरे त्याच्यापुढे मांडी घालून मराठी कविता ऐकत आणि दुसऱ्या दिवशी त्याच चालीत म्हणत. हा जबाब लिहून घेणारे हवालदार सुकऱ्या त्यांपैकीच एक. त्यांची चाल तेव्हाही चुकत असे. हे वाक्य खोडावे अशी त्यांची विनंती आहे. खोडू नये अशी माझी.

रेडिओ बरीच वर्षे बंद आहे. दर शनिवारी मी तो पुसतो. किंमत विचारली असता मला सांगता आली नाही.

गुरुवारी उमेशचा फोन आला, तो पत्नीने घेतला. शुक्रवारी सकाळी ती मोठे गाठोडे घेऊन जीपने मोखाड्याला बहीण नवशी हिच्याकडे चार दिवस राहण्यास गेली. गाठोड्यात काय, असे विचारले असता म्हणाली, "नागली आहे. तुम्हाला काय करायचंय? बसा कविता म्हणत." गाठोडे तिने टपावर टाकू दिले नाही, मांडीवर घेतले. नाचणीची एवढी माया मला नवीन होती.

आज सकाळी कांतीलाल माझ्या घरच्या फोनवरून उमेशशी बोलत होते ते मी ओसरीवरून ऐकले. शब्द असे होते: "मागचे बुश आज काढतोच. गुरुजींना कळणारसुद्धा नाही." मी फडके घेऊन मागच्या खोलीत गेलो. फळी रिकामी होती. तिथून मी थेट येथे आलो. पायात चपला नसल्याचे हवालदारांनी दाखवून दिले. फडके हातातच होते.

कांतीलाल यांना बोलावून, गुरुजींचा बुश काढला काय, असे माझ्यासमक्ष विचारण्यात आले. ते कोपरापर्यंत ग्रीसमध्ये आले. म्हणाले, "हो, काढला गुरुजींचा बुश. त्यात काय?"

मी म्हणालो, "घ्या लिहून! कबूल झाला."

"अहो, कबूल काय? हा घ्या!" असे म्हणून त्यांनी खिशातून काळ्या रबराचा फाटका, वाटोळा तुकडा काढून टेबलावर ठेवला. "मागच्या चाकाचा आर्म, म्हणजे दांडा, गाडीच्या सांगाड्याला जिथे जोडतात, तिथे हा बसतो. याला बुश म्हणतात. फाटला की आर्म हलतो आणि गाडी वळणावर शेपूट टाकते. उमेशभाऊंनी कडक, पिवळे मागवलेत. एक बसवलाय, दुसरा बाकी आहे. मला सोडा, नाहीतर उद्या गाडी लंगडी!"

"मग मला कळणार नव्हतं ते काय?"

यावर कांतीलाल जरा घुटमळले. "कडक बुशने मागे बसणाऱ्याला दणके बसतात. उमेशभाऊ म्हणत होते, बाबांची कंबर दुखेल, नको, रबराचेच घालू. मी म्हटलं, घाला कडक, गुरुजींना कळणार नाही. ते कविता म्हणत बसतात, त्यांना खड्डा कुठे लागतो?"

हवालदार हसले. मी रबराचा तुकडा फडक्याने पुसून कांतीलाल यांना परत दिला. त्यांच्यावर माझा संशय नाही. त्यांना मोटारीकडे जाऊ द्यावे. पण रेडिओ मिळालेला नाही.

घरात आणखी कोण होते, असे विचारले असता मी सांगितले की पत्नीवर संशय घेण्याचे कारण नाही. सवतीला कोणी गाठोड्यात बांधून बहिणीकडे नेत नाही. हे वाक्य मी हवालदारांना पुन्हा वाचायला लावले.

येथवरचा जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला. दोन-तीन ठिकाणी यतिभंग झाला, तो वाचणाऱ्याचा आहे. मजकूर माझ्या सांगण्याप्रमाणे खरा व बरोबर आहे. सही करण्यास पेन हाती घेतले असता ठाण्याच्या दारात, मोखाड्याला गेल्याचे वर नमूद केलेली माझी पत्नी येऊन उभी राहिली. कडेवर गाठोडे, त्यातून एरियलचे टोक वर आलेले. माझ्याकडे न पाहता ती म्हणाली, "सुकऱ्या, पोरगा फोनवर बोलला, मागचा बुश कामातून गेला, फेकून देणार. म्हणून मी याला लपवून नेला. मग आठवलं, आज शनिवार. हे रिकामी फळी पुसत बसतील. घरी आले तर शेजारीण म्हणाली, हे अनवाणी ठाण्यावर गेले. घे, आता माझाही जबाब लिही."