पाणी नळाला येतं

नमस्कार. बागवान मॅडमसाठी आपण सगळे आलात. मी डॉक्टर कांबळे, इथल्या कॅज्युअल्टीत त्यांच्या हाताखाली शिकले. आज बोलणं जड जातंय, आणि मॅडमना लांबण लावलेली चालायची नाही. थोडक्यात सांगते.

बाई पोट धरून आली, चक्कर येतेय म्हणाली, की मॅडम खाटेपाशीच सोनोग्राफी करायच्या. लघवीची नळी घालायच्या आधी. मूत्राशय भरलेलं असलं की त्याच्यामागे ओटीपोटात जे साठलंय, रक्त असो की पाणी, ते पडद्यावर काळं दिसतं. ते बघायचं, आणि नातेवाइकांना सांगायचं. सांगायचं कसं, ते मॅडमकडून शिकावं.

धायरीची एक मुलगी आली होती, नुकतेच दिवस राहिलेले. पडद्यावर काळं दिसलं. आमचे डॉक्टर देशमुख बाहेर जाऊन नवऱ्याला म्हणाले, "पोटात पाणी दिसतंय." आम्ही सगळे तसंच म्हणायचो. नवरा म्हणाला, "पाणीच ना? मग उद्या आईला विचारून येतो."

मॅडम मागेच होत्या. "देशमुख, पाणी नळाला येतं. पोटात काय आहे ते सांगा." मग नवऱ्याकडे वळल्या. "अहो, रक्त आहे. गर्भ पिशवीत न राहता नलिकेत राहिला होता, ती फुटलीय. आत्ता ऑपरेशन केलं नाही तर तुमची बायको मरेल." नवऱ्याने उभ्या उभ्या सही केली. देशमुख, हसताय काय? ती मुलगी तुमच्याच मागे बसलीय.

दिवाळीनंतर मॅडमचं पोट फुगायला लागलं. कॅन्सरचे उपचार आधी होऊन गेले होते. स्वतःच खाटेवर आडव्या झाल्या, मला म्हणाल्या, "बघ." मी बघितलं. काळंच काळं. शेवटी म्हणाले, "मॅडम, थोडं पाणी..."

"कांबळे, नळ बंद कर."

"कॅन्सर परत आलाय, मॅडम."

"हं. आता नीट सांगितलंस. चहा मागव दोन." मी रडले. त्या चहा प्यायल्या.

मघापासून इथे सगळे म्हणताहेत, मॅडम कुठे गेल्या नाहीत, आपल्यातच आहेत. सलीमभाई, तुम्ही त्यांचे यजमान, तुमच्यासमोर बोलते, माफ करा. मॅडम मेल्या. त्या आपल्यात नाहीत. आणि मला ते अजिबात सहन होत नाहीये.

उभं राहू या आता. थोडा वेळ कुणीच काही बोलू नका.