दगडावरचा एक शब्द

(क्राकूवजवळचं एक गाव. थडग्यांचे दगड कोरणाऱ्या गेर्वाझीचं अंगण. ऑक्टोबरचा शेवट.)

सेवेरीन : बायकोच्या मरणाची तारीख नंतर कोर. आधी तो शब्द काढ.

गेर्वाझी : कुठला शब्द, चित्रकारसाहेब?

सेवेरीन : हाच. माझ्या नावाखालचा ‘चित्रकार’. तिथून काढ आणि बोग्नाच्या नावाखाली घाल.

गेर्वाझी : अहो, हा ग्रॅनाइट आहे, कोटाचं बटण नव्हे, इथून उसवलं न् तिथं टाचलं! बारा वर्षांपूर्वी तुम्ही जोडीनं येऊन दोघांची नावं कोरून घेतलीत. ‘माझा शब्द खोल कोर’ म्हणालात. कोरला. आता काढायचा तर अख्खा दगड घासावा लागेल. परवा सर्व संतांचा दिवस. सगळं गाव शेवंती घेऊन कबरस्तानात येणार, आणि बोग्नाबाईंच्या डोक्याशी दगडच नाही?

सेवेरीन : मग माझा राहू दे. तिलाही कोर.

गेर्वाझी : तेव्हा तर म्हणाला होतात, ती काय, पोरांची पुस्तकं रंगवते.

सेवेरीन : म्हणालो होतो. तिच्या पुस्तकांतल्या त्या मफलरवाल्या करकोच्यानं तीस वर्षं मला जेवू घातलं, गेर्वाझी.

गेर्वाझी : माझी तिन्ही पोरं त्या करकोच्यावरच वाचायला शिकली. धाकट्यानं तर एक पान खाल्लं. तुमचं चित्र अजून कुणी खाल्लेलं नाही.

सेवेरीन : विकत घेतलंही नाही. सगळी माळ्यावर आहेत. गेल्या आठवड्यात आवरायला गेलो, तर एकाची पाठ दिसली. पाठीवर आमचं स्वयंपाकघर. दुसरं उलटलं. खिडकीतला बर्फ. तिसऱ्यावर मी, खुर्चीत झोपलेला, तोंड उघडं. एक्केचाळीस कॅनव्हास, सगळ्यांच्या पाठीवर तिची चित्रं.

गेर्वाझी : तुम्हाला पत्ता नाही?

सेवेरीन : माझी चित्रं मी कधी उलटून पाहिलीच नाहीत. तिनं स्वतःसाठी कधी कॅनव्हास मागितला नाही. मी मागायचो, तिच्याकडे. चित्रकलेच्या अकादमीत सुवर्णपदक तिला होतं. विसरायला फार सोपं गेलं.

गेर्वाझी : कशी आहेत?

सेवेरीन : माझी आता भिंतीकडे तोंड करून उभी आहेत.

गेर्वाझी : ...बसा. चहा ठेवतो.

सेवेरीन : चहा नको. जागा आहे का, तेवढं बघ. माझ्या ‘चित्रकार’खाली लगेच प्रार्थनेची ओळ आहे. तिच्याही असेल.

गेर्वाझी : नाही. तिच्याखाली जागा आहे.

सेवेरीन : चुकलास तेव्हा?

गेर्वाझी : मी? तुम्ही बाहेर सिगरेट ओढत होतात. मी बाईंना विचारलं, तुमच्या नावाखाली काय घालू? हसल्या. म्हणाल्या, काही नको.

सेवेरीन : एवढंच?

गेर्वाझी : म्हणाल्या, एका शब्दापुरती जागा मात्र सोडून ठेवा. सेवेरीनला जरा वेळ लागतो.